मारता येतं, आता मार खायला शिक

प्रश्न थोडक्यात असा आहे: "सर, मी सोलापूरचा, वय २०. दहा वर्षं कराटे करतोय, ब्लॅक बेल्ट आहे, राज्य स्पर्धेत दोनदा खेळलो. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला विद्युत जामवालसारखा ॲक्शन हिरो व्हायचंय. धाकटी बहीण माझ्या किकचे रील्स शूट करते, ते पाठवतोय. मुंबईतल्या एका संस्थेनं सहा महिन्यांत सिनेमात काम मिळवून देतो म्हणून दीड लाख फी सांगितली आहे. वडील यंत्रमागावर आहेत, घरी आम्ही तेलुगू बोलतो. कॉलेज सोडून जाऊ का? मार्शल आर्टमधून पडद्यावर गेलेल्या लोकांनी नेमकं काय केलं?"

आधी दोन गोष्टी सांगून टाकतो. ते दीड लाख भरू नकोस आणि कॉलेज सोडू नकोस. काम देतो म्हणून कलाकाराकडून आगाऊ पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. खरा कास्टिंग डायरेक्टर ऑडिशनचे पैसे घेत नाही. शिकवण्याची फी घेणं वेगळं आणि काम मिळवून देण्याची फी घेणं वेगळं, आणि हे लोक दोन्ही एकत्र करून सांगतात. कॉलेजचं कारण पुढे येईल.

आता मूळ प्रश्न. मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो आणि आठ वर्षं फायटर म्हणून काम केलं. हिरोच्या हातून मार खाणाऱ्या दहा-बारा जणांच्या घोळक्यात तुला मी दिसलो असेन, चेहरा मात्र आठवणार नाही. परत आल्यापासून इथंच शिकवतोय. त्यामुळे मी सांगतोय ते हिरोच्या खुर्चीतून दिसलेलं नाही, गादीवर पडून दिसलेलं आहे.

पहिल्या दिवसाचा प्रसंग सांगतो, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. एका गोदामात फाइट होती. मला एवढंच करायचं होतं: डावीकडून यायचं, हिरोला पंच मारायचा, तो वाकणार, मग तो मारणार आणि मी टेबलावरून पलीकडे पडायचं. मी आयुष्यभर घोटवलेला ग्याकू झुकी, म्हणजे कराटेतला मागच्या हाताचा सरळ पंच, मारला. कमरेतून, सरळ, कुठलाही इशारा न देता. फाइट मास्टरनी कट केला, मला मॉनिटरजवळ बोलावलं आणि म्हणाले, "तुझा पंच मला इथं बसून दिसत नाही, बाल्कनीतल्या माणसाला काय दिसणार?" दुसऱ्या टेकला हिरोचा पंच माझ्याकडे आला आणि माझा डावा हात आपोआप वर गेला. ब्लॉक. तिसऱ्या टेकला पुन्हा ब्लॉक. मी मनाशी ठरवत होतो की हात वर न्यायचा नाही, पण दहा वर्षांची सवय मनाला विचारत नव्हती. चौथ्या वेळी मास्टरनी माझ्या दोन्ही हातांत एकेक खुर्ची दिली. हात अडकले, तेव्हा कुठे मी मार खाल्ला.

त्या रात्री झोप लागली नाही. डोजोमध्ये, म्हणजे कराटेच्या तालमीत, मला जे जे शिकवलं होतं, ते इथं उलटं करायचं होतं. कुमितेमध्ये, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, आपण हेतू लपवतो. खांदा हलू द्यायचा नाही, डोळ्यांत काही दिसू द्यायचं नाही, लागलं तरी चेहऱ्यावर आणायचं नाही, नाहीतर समोरच्याला गुण मिळतो. पडद्यावर आधी डोळे, मग खांदा, मग हात, अशा क्रमानं हेतू दाखवावा लागतो. आणि लागलेलं तर सगळ्यात जास्त दाखवावं लागतं.

यामागचं गणित साधं आहे. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला २४ फ्रेम टिपतो. चांगला सरळ पंच सेकंदाच्या सहाव्या भागात जाऊन येत असेल, तर तो सगळा मिळून चार फ्रेममध्ये संपला. त्यात कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागे असेल तर मुठीचा प्रवास कॅमेऱ्याच्या नजरेच्या रेषेतच होतो, आडवा काही हलताना दिसतच नाही. म्हणून सिनेमात मोठा, बाहेरून येणारा पंच असतो. तो चेहऱ्यापासून वीतभर लांबून जातो. मार खाणाऱ्याची मान ठरलेल्या क्षणी फिरते आणि आवाज नंतर स्टुडिओत भरला जातो. मान अर्धा क्षण आधी फिरली तर प्रेक्षकाला चोरी कळते, उशिरा फिरली तरी कळते. पंच खरा वाटणं हे मारणाऱ्यापेक्षा खाणाऱ्याच्या हातात असतं, असं मी का म्हणतो ते यावरून लक्षात येईल. आम्ही याला रिॲक्शन म्हणतो. फाइट मास्टर फोनवर नव्या मुलाची चौकशी करतात तेव्हा "किक कशी आहे" हा प्रश्न नंतर येतो, आधी "रिॲक्शन देतो का" असं विचारतात.

ब्रूस लीलासुद्धा ही अडचण आली होती. १९६६-६७ मध्ये त्यानं अमेरिकेत 'द ग्रीन हॉर्नेट' या मालिकेत केटोचं काम केलं, २६ भागांत. त्याचे हात इतके भरभर चालायचे की कॅमेऱ्यात नीट उमटायचे नाहीत, म्हणून त्याला वेग कमी करायला सांगावं लागलं. जगातला सगळ्यात वेगवान समजला जाणारा माणूस पडद्यासाठी सावकाश हलायला शिकला. आजही फाइट साधारण पाऊण वेगानं करतात, गरज पडली तर कॅमेरा २४ ऐवजी २२ किंवा २१ फ्रेमवर चालवतात, म्हणजे पडद्यावर ती आपोआप चपळ दिसते.

ब्रूस लीबद्दल आपल्याकडच्या मुलांना एक गोष्ट माहीतच नसते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. तो लढवय्या होता आणि मग नट झाला, असं आपण समजतो. खरं तर तो आधी नट होता. त्याचे वडील कँटोनीज ऑपेराचे कलावंत. तो तान्हा असतानाच कॅमेऱ्यासमोर आला आणि १८ वर्षांचा होईपर्यंत हाँगकाँगच्या सुमारे २० चित्रपटांत त्यानं काम केलं होतं. शिवाय तो चा-चा नाचाचा हाँगकाँगमधला विजेता होता, १९५८ सालचा. मग अमेरिका, मग १९६४ मध्ये लाँग बीचच्या कराटे स्पर्धेतलं प्रात्यक्षिक. ते पाहूनच त्याचं नाव मालिकेच्या निर्मात्यापर्यंत पोचलं. 'द बिग बॉस' १९७१ चा, आणि २० जुलै १९७३ ला तो गेला. मोठा हिरो म्हणून त्याला जेमतेम दोन वर्षं मिळाली. पण त्या दोन वर्षांमागं तीस वर्षांचा अभिनय, नाच आणि लढाई उभी होती. तुझ्याकडे यातली लढाई आहे. उरलेल्या दोन गोष्टी कमवायच्या आहेत.

जॅकी चॅनचंही तेच. तो लहानपणी पेकिंग ऑपेराच्या निवासी शाळेत दहा वर्षं होता. गाणं, कसरत, मुद्राभिनय, मारामारी असं सगळं एकत्र. मोठा झाल्यावर 'फिस्ट ऑफ फ्युरी' आणि 'एंटर द ड्रॅगन'मध्ये त्यानं स्टंटमन म्हणून मार खाल्ला. ब्रूस ली गेल्यावर निर्मात्यांनी जॅकीला नवा ब्रूस ली करायचा प्रयत्न केला, १९७६ मध्ये 'न्यू फिस्ट ऑफ फ्युरी' काढला, तो चालला नाही. १९७८ मध्ये 'ड्रंकन मास्टर' आला. त्यात तो धडपडतो, कळवळतो, हात दुखला म्हणून झटकतो, आणि लोक त्याच्या प्रेमात पडले. "विद्युत जामवालसारखा" हे शब्द तू लिहिलेस म्हणून हे सांगतोय. विद्युत केरळात पालक्काडला तिसऱ्या वर्षापासून कळरीपयट्टू ही तिथली युद्धकला शिकला. ती चाल, तो वाकण्याचा ढंग त्या मातीतला आहे. त्याची नक्कल करणारी दुसरी प्रत बाजारात कुणाला नको असते.

मग तुझ्या मातीतलं काय, असं विचारशील. लेझीम खेळलास की नाही? सोलापूरच्या मुलाला हे विचारायचीही गरज नाही, गणपतीत मंडळामागून तू नाचला असशीलच. पडद्यावरची फाइट ही लेझमीच्या सगळ्यात जवळची गोष्ट आहे. ठेक्यावर पाऊल, मोजून वाकणं, मोजून वळणं, आणि चाळीस जणांत एकाचा हात चुकला तर डावच बिघडतो. मी मुंबईत टिकलो तो कराटेच्या बेल्टवर टिकलो नाही. मास्टर "एक-दोन-तीन-आणि-चार" म्हणत फाइट बसवायचे, आणि ती "आणि"ची अर्धी मात्रा मला लगेच सापडायची, बाकीच्यांना सापडायची नाही. ती मला डोजोनं दिलेली नव्हती, आमच्या तालमीच्या लेझीम पथकानं दिली होती. मिशेल यो ही नटी तर मुळात बॅले शिकलेली. मारामारी ती सिनेमात येऊन शिकली, पण ताल आधीच अंगात होता, आणि २०२३ मध्ये तिनं ऑस्कर घेतलं. तेव्हा या गणपतीत पथकात नाव घाल. गंमत म्हणून सांगत नाही, हा सरावच आहे.

तुझे रील्स पाहिले. किक उत्तम आहेत, उरा मावाशी, ती टाचेनं उलटी मारायची किक, तर माझ्या विद्यार्थ्यांना दाखवावी अशी आहे. पण १४ रील्सपैकी ११ मध्ये तुझा चेहरा दिसत नाही. पाय दिसतो, पाठ दिसते, संभाजी तलावाचं पाणी दिसतं. उरलेल्या तिन्हींत चेहरा आहे, पण तो कोऱ्या कागदासारखा आहे. ऑडिशन घेणारा माणूस पायाकडे नंतर बघतो. आणि दुसरं म्हणजे, सगळ्या रील्समध्ये तू एकटा आहेस. हवेत मारतोयस. समोर माणूस आला की अंतर, वेळ आणि विश्वास असे तीन प्रश्न उभे राहतात, आणि फाइट मास्टरला तेवढंच बघायचं असतं.

बोलण्याकडे वळतो. इथं एक जुनी गोष्ट आठवते. मूकपटांच्या काळात आपला मास्टर विठ्ठल हा भारतातला सगळ्यात मोठा स्टंट हिरो होता. तलवारबाजी, उड्या, घोडे, सगळ्यात तरबेज. १९३१ मध्ये पहिला बोलपट 'आलमआरा' आला तेव्हा हिरो तोच. पण त्याच्या हिंदी-उर्दू उच्चारांचं जमेना, म्हणून पात्रच असं लिहिलं गेलं की तो बराच वेळ गुंगीत, अर्धवट शुद्धीत असतो. आवाज आला आणि अंगातली कला एका रात्रीत अपुरी पडली. पुढे भालजी पेंढारकरांच्या मराठी ऐतिहासिक चित्रपटांत तो शोभून दिसला, पण पहिल्या बोलपटाचा हिरो असून हिंदीतलं ते पहिलं स्थान काही टिकलं नाही. मला ही गोष्ट वाचून फार वाईट वाटलं होतं. माझंही तेच झालं होतं. दोनदा मला चार ओळींचं काम मिळता मिळता राहिलं, कारण माझं हिंदी सोलापुरी होतं आणि मी ते सुधारायची तसदी घेतली नव्हती.

तुझी गोष्ट वेगळी होऊ शकते. तू घरी तेलुगू बोलतोस हे तू प्रश्नाच्या शेवटी अर्ध्या वाक्यात लिहिलंस. मी असतो तर ते पहिल्या ओळीत लिहिलं असतं. मराठी, तेलुगू, हिंदी, आणि गल्लीत राहून कानावर पडलेलं कन्नड, एवढं भांडवल मुंबईच्या किती मुलांकडे असतं? सोलापुरातून मुंबई ४०० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या आसपास. रामोजी फिल्म सिटी तुला अंधेरीपेक्षा जवळ आहे. तेलुगू सिनेमात मारामारीला जेवढा मान आहे तेवढा हिंदीत नाही, आणि कराटेवाल्यांची तिथं जुनी परंपरा आहे. वडिलांना विचार, ऐंशीच्या दशकातला नट सुमन त्यांना नक्की आठवेल, तो कराटेचाच माणूस. पवन कल्याण कराटेचा ब्लॅक बेल्ट, पहिला चित्रपट १९९६ चा. फक्त घरचं तेलुगू आणि पडद्यावरचं तेलुगू यांत फरक आहे. आपल्याकडच्या पद्मशाली घरांतल्या तेलुगूत मराठी मिसळलेलं असतं. रोज अर्धा तास तेलुगू वर्तमानपत्र मोठ्यानं वाच. लिपी येत नसेल तर आधी ती शिक, दोन महिन्यांचं काम आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला धीर देते. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेखाच्या यादीत दोन मुली होत्या. एक रितिका सिंग, मुंबईची किकबॉक्सर. दिग्दर्शिका सुधा कोंगरा यांना बॉक्सरच्या भूमिकेसाठी खरी लढणारी मुलगी हवी होती, आणि रितिकाला तमिळ येत नसताना तिनं 'इरुधी सुट्रू' केला. दुसरी रिंकू राजगुरू, आपल्या अकलूजची, 'सैराट'साठी. तो दिग्दर्शित करणारे नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. त्याआधी इंडोनेशियात इको उवैस एका टेलिफोन कंपनीची गाडी चालवत होता आणि सिलात ही तिथली युद्धकला शिकत होता. सिलातवर माहितीपट करायला आलेल्या गॅरेथ इव्हान्सला तो तालमीतच दिसला. २००९ मध्ये 'मेरांताऊ', २०११ मध्ये 'द रेड'. या तिघांपैकी कुणीही सहा महिन्यांचा कोर्स करून आलेलं नव्हतं. पण हेही लक्षात घे की तिघांनाही शोधणारा दिग्दर्शक भेटला. तो कधी भेटेल हे कुणालाच सांगता येत नाही. आपल्या हातात एवढंच असतं की तो भेटेल त्या दिवशी आपण तयार असावं.

तयार कसं व्हायचं? इथं कॉलेजचा मुद्दा येतो. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचा अभिनयाचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे. दिल्लीचं एनएसडी, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, पदवी मागतं आणि वर किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतं. मुंबई विद्यापीठाच्या नाट्य विभागालाही पदवी लागते. म्हणजे दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलंस तर या तिन्ही दारांना तू स्वतःच्या हातानं कडी लावशील. दीड वर्ष राहिलंय, पूर्ण कर, आणि त्या दीड वर्षात सहा नाटकं कर. विद्यापीठाचा युवा महोत्सव आहे, राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी हुतात्मा स्मृती मंदिरात होते, तिथं दरवर्षी स्थानिक संस्थांना धडधाकट तरुण मुलं कमी पडतात. पहिल्या नाटकात शिपायाचं काम मिळालं तरी घे. अतुल कुलकर्णी सोलापुरात नाट्य आराधना या हौशी संस्थेत नाटकं करत होते, इथूनच एनएसडीला गेले, १९९५ ला बाहेर पडले आणि पुढे दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. 'नटरंग'साठी त्यांनी आधी पैलवानी शरीर कमावलं आणि मग नाच्यासाठी ते उतरवलं. आपण पोरं शरीर कमावतो आणि त्याला जपत बसतो. नट ते भूमिकेला देऊन टाकतो. हा चित्रपट मी माझ्या मोठ्या मुलांच्या बॅचला दाखवतो, फाइट एकही न बघता फक्त त्यांच्या खांद्यांकडे बघा म्हणून सांगतो.

दारासिंगांचं उदाहरणही याच अंगानं बघ. 'किंग काँग' १९६२ चा, त्यानंतर कुस्तीच्या जोरावर शंभराहून अधिक चित्रपट. पण आज घराघरांत कोण आठवतं? 'रामायण' मालिकेतला हनुमान. त्यात गदा फिरवण्यापेक्षा हात जोडून उभं राहणं जास्त होतं. अक्षय कुमारही तसाच. बँकॉकला मार्शल आर्ट शिकला, मुंबईत मुलांना शिकवायचा, १९९१ मध्ये 'सौगंध', १९९२ मध्ये 'खिलाडी'. नुसत्या उड्यांवर तो दहा वर्षांत संपला असता. २००० मध्ये 'हेरा फेरी' आला आणि त्याला दुसरं आयुष्य मिळालं. गुडघे चाळिशीत साथ सोडतात. त्या वेळी हातात अभिनय असावा लागतो.

गुडघ्यांवरून धोक्याचं बोलायलाच हवं, आणि हे मी घाईत उरकणार नाही. ७ नोव्हेंबर २०१६ ला बंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात 'मास्तिगुडी' या कन्नड चित्रपटाचं शूटिंग सुरू होतं. हेलिकॉप्टरमधून पाण्यात उडी घ्यायची होती. हिरो वाचला. त्याच्यासोबत उडी मारलेले अनिल आणि उदय हे दोन कलाकार बुडाले. अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. धिप्पाड, कमावलेल्या शरीराची माणसं होती ती. शरीर पाण्याला घाबरवत नाही. कुठल्याही सेटवर चार प्रश्न विचारायची हिंमत ठेव: खाली काय आहे, दोर कोण धरतोय, अँब्युलन्स कुठं उभी आहे, आणि विमा आहे का. मी एकदा विचारलं नाही. खोक्यांच्या थरावर उडी होती, खालचा थर आदल्या दिवशी वापरलेला, दबलेला होता. वरून तो दिसत नाही. डाव्या गुडघ्याचा लिगामेंट गेला, निर्मात्याच्या माणसानं दवाखान्यापर्यंत रिक्षाचे पैसे दिले आणि नंतर फोन उचलला नाही. माझं मुंबईतलं काम तिथं संपलं. आजही सिद्धेश्वर मंदिराच्या पायऱ्या उतरताना मी आधी उजवा पाय टाकतो. त्या दिवशी मला प्रश्न विचारायला लाज वाटली होती, भित्रा म्हणतील म्हणून. तू लाजू नकोस. हल्ली फायटर लोकांच्या संघटनेमुळं परिस्थिती बरीच सुधारली आहे, अक्षय कुमारनं स्टंट कलाकारांच्या विम्यासाठी पुढाकार घेतला हे फार मोठं काम झालं. पण संघटनेचं कार्ड नसलेल्या नव्या मुलाला हे संरक्षण मिळेलच असं नाही. म्हणून कार्ड झाल्याशिवाय उंचीवरचं, पाण्यातलं, आगीतलं काम घ्यायचं नाही, कितीही पैसे देत असले तरी.

पैशांचं एवढंच: काम दिवसावर मिळतं, महिन्यावर नाही, आणि मालिकांत तर पैसे ९० दिवसांनी हातात येण्याची पद्धत आहे. वर्षभराचं भाडं गाठीशी असल्याशिवाय तिकडे जायचं नाही. आणि हिरो होणं हा एकच रस्ता नाही. 'दंगल'साठी आमिर खान आणि त्या मुलींना कुस्ती शिकवणारे कृपाशंकर बिश्नोई स्वतः आंतरराष्ट्रीय पैलवान. 'पावनखिंड'सारख्या शिवकालीन चित्रपटांमुळं मराठीत दांडपट्टा, तलवार, भाला जाणणाऱ्या मुलांना काम आहे. मर्दानी खेळ शिकवणारे वस्ताद आपल्या भागात आहेत. कराटेवाल्याला दांडपट्टा शिकायला वेळ लागत नाही, फक्त कोपर मोकळं सोडायची सवय करावी लागते. ऑस्करनंसुद्धा २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंट डिझाइनला वेगळा पुरस्कार ठेवला आहे. फाइट बसवणारा माणूस आता नावानं ओळखला जाणार.

आता घरी करायचं काम. एक जोडीदार शोध, शक्यतो तुझ्यापेक्षा हलक्या वजनाचा. दहा मोजांची, म्हणजे एक ते दहा मोजत करायची, छोटी फाइट बसव: पाच मोज तू मारायचं, पाच मोज त्यानं. पहिला आठवडा पाव वेगानं, दुसरा आठवडा अर्ध्या वेगानं, तिसऱ्यात पाऊण वेग. त्यापुढं जायचं नाही. अंतर प्रत्येक वेळी वीतभर. मारण्याआधी जोडीदाराच्या डोळ्यांत बघायचं, त्यानं पापणीनं हो म्हटल्याशिवाय हात निघायचा नाही. मग जागा बदलून तीच फाइट करायची, म्हणजे मार खाणारा तू. पोटात बसला तर श्वास बाहेर पडतो, गुडघे आधी जातात. जबड्यावर बसला तर हनुवटी आधी फिरते, मग खांदा, आणि पाय सर्वांत शेवटी. पोटातला आणि जबड्यातला मार वेगळा दिसायला हवा. आवाज बंद करून व्हिडिओ वडिलांना दाखव आणि कुठं लागलं ते विचार. त्यांनी बरोबर जागा सांगितली तर तुझी रिॲक्शन जमली.

ज्यूदोचे उकेमी, म्हणजे न लागता पडायचे प्रकार, माहीत असतील तर रोज पन्नास वेळा पड. माहीत नसतील तर एकट्यानं सुरू करू नकोस.

तुझ्या वडिलांनी माझ्याशी बोलायचं म्हटलं तर जरूर बोलव, त्यांची काळजी रास्त आहे आणि तिला मी हलक्यात घेणार नाही. येत्या रविवारी सकाळी सहाला पार्क मैदानावर आमची मोठ्यांची बॅच असते. गुडघ्याचे पॅड आण, ओठ सांभाळायला माऊथगार्ड आण, आणि बहिणीलाही सोबत आण. मार दिसायचा असेल तर कॅमेरा कुठं धरायचा, ते आधी तिला दाखवायचं आहे.